केळं ठरलं होतं, पाला निघाला

१९२८ साली अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठात टिंकलपॉ नावाच्या संशोधकाने एका माकडिणीच्या डोळ्यांदेखत वाटीखाली केळं झाकलं. मग मध्ये आडोसा धरला आणि तिला कळू न देता केळ्याच्या जागी सॅलडचा हिरवा पाला ठेवला. आडोसा निघताच ती धावत आली, वाटी उचलली, हात पुढे केला आणि थबकली. पाल्याला तिने बोटही लावलं नाही. वाटीत पाहिलं, खाली पाहिलं, मागे-पुढे शोधलं, आणि शेवटी समोरच्या माणसांकडे तोंड करून किंचाळली. गंमत अशी की हाच पाला एरवी ती मजेत खायची. ज्या वेळी मुळातच पाला झाकलेला असे, त्या वेळी वाटी उचलून खाऊन मोकळी व्हायची.

केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला हा प्रयोग फार समजावून सांगावा लागू नये. केळ्याच्या भरवशावर राहायचं आणि हाती पाला यायचा, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण त्या किंचाळण्यात एक गोष्ट आहे जी माणसांच्या बाबतीत आपण सहज विसरतो. माकडिणीच्या हातातलं कोणी काही हिसकावलं नव्हतं. समोर खायची वस्तू होती. तरीही तिला जे झालं ते इतकं खरं होतं की बाहेरून दिसत होतं, मोजता येत होतं.

रोजच्या आयुष्यातले बहुतेक हिरमोड याच जातीचे. पोलीस भरतीत एका मार्काने राहिलेला मुलगा. ‘कळवतो’ म्हणून गेलेलं आणि परत फोन न केलेलं स्थळ. सकाळी येणार म्हणून सांगितलेली आणि न आलेली व्यापाऱ्याची गाडी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरचं माणूस न्यायला येईल म्हणून पिशवी भरून बसलेली सासुरवाशीण. यांतल्या कशासाठीही रजा मिळत नाही, कोणी भेटायला येत नाही, आणि माणूस स्वतःही चारचौघांत ते कबूल करत नाही. पण घास उतरत नाही आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. असं का होतं, आणि कधी जास्त होतं, यावर मानसशास्त्रात गेली शंभर वर्षं बरंच काम झालंय. ते सोपं करून सांगतो.

मेंदू आधीच हिशेब मांडून बसलेला असतो

१९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी नेमक्या कधी चेततात ते नोंदवलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चेतत. मग त्याने रसाच्या थोडं आधी एक खूण द्यायला सुरुवात केली. माकडाला सवय झाल्यावर पेशी खुणेलाच चेतू लागल्या; प्रत्यक्ष रस आला तेव्हा काहीच विशेष नाही. म्हणजे आनंदाची उसळी रसावरून उठून रसाच्या चाहुलीवर जाऊन बसली.

पुढचा भाग आपल्या कामाचा. खूण दिली आणि रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी या पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. बाहेर काहीच घडलेलं नाही, ना आवाज, ना धक्का, पण मेंदूने वेळ लावून ठेवली होती आणि त्या वेळेला खड्डा पडला. ठरलं होतं ते आणि मिळालं ते, यांतल्या या फरकाला शास्त्रज्ञ अंदाजातली चूक म्हणतात. या फरकावरूनच मेंदू शिकतो आणि पुढचा अंदाज सुधारतो. डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं, ते म्हणूनच अर्धवट आहे. निदान या पेशींचं काम मुनिमाचं जास्त आहे: अपेक्षेपेक्षा जास्त आलं की जमा, कमी आलं की नावे.

आता केळीच्या बागेत चला. व्यापाऱ्याने सांगितलंय, उद्या सकाळी सातला टोळी येईल, माल कापू. शेतकरी आदल्या संध्याकाळीच ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला घेतो, मजुरांना खांद्यावर घड घेऊन निघता यावं म्हणून लोंबणारी वाळकी पानं तोडून वाट करतो. बायकोने चहासाठी जास्तीचं दूध ठेवलेलं असतं. रात्री झोपताना पैसेही वाटून झालेले असतात: एवढे सोसायटीचे, एवढे खताच्या दुकानाचे, एवढे पोराच्या फीचे. सात वाजतात. साडेसात. बांधावर उभं राहून रस्त्याकडे बघणं चालू. आठच्या सुमारास फोन येतो, ‘भाऊ, गाडी आज दुसरीकडे लागली, उद्या बघू.’

तसं पाहिलं तर नुकसान काय झालं? घड झाडावरच आहेत. पण त्याच्या डोक्यात कापणी रात्रीच झाली होती, पैसे हातात येऊन खर्चही झाले होते. सकाळी आठला ते सगळं उलटं फिरवावं लागलं. त्यात केळी कापसासारखी थांबत नाही. चार दिवस उशीर झाला की घडात पिवळं दिसायला लागतं आणि मग तोच व्यापारी ‘माल पिकला’ म्हणून भाव पाडतो. तिथे हिरमोडाला खऱ्या तोट्याची जोड मिळते. पण पहिला ठोसा तोट्याच्या आधीच बसलेला असतो.

असं तीन-चार वेळा झालं की शेतकरी वाट करायचं थांबवतो. गाडी दारात दिसली तरच नळ्या गुंडाळू, म्हणतो. मेंदूने अंदाज खाली आणला. आता हिरमोड होणार नाही, पण त्या व्यापाऱ्याच्या शब्दावर विश्वासही राहिलेला नाही. अनेक घरांत बापाने पोराला दिलेल्या शब्दाचं हेच झालेलं असतं, आणि पोरगं आता काही मागत नाही म्हणून बाप खूश असतो.

मिळालंच नव्हतं, मग गेलं काय?

डॅनियल कानमन आणि एमस ट्वर्स्की या जोडीने १९७९ साली एक सिद्धांत मांडला, ज्यासाठी पुढे २००२ मध्ये कानमनना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते. सिद्धांताचा गाभा असा: माणूस आपल्याकडे एकूण किती आहे ते मोजत नाही. तो मनात एक खुंटी ठोकतो आणि तिच्या वर काय, खाली काय ते मोजतो. खुंटीच्या वर गेलं तर फायदा, खाली गेलं तर तोटा. आणि तोटा तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त बोचतो. या दोघांच्याच १९९२ च्या अभ्यासात तो साधारण सव्वादोन पट निघाला. हजार रुपये सापडल्याचा आनंद आणि हजार हरवल्याची हळहळ यांचं वजन सारखं नसतं, हे आपल्यालाही माहीत असतं.

प्रश्न आहे, खुंटी कुठे ठोकलेली असते? कधी ती कालच्या स्थितीवर असते, कधी शेजाऱ्याच्या. पण पुष्कळदा ती अपेक्षेवर असते. आणि तसं असेल तर जे कधी हातात आलंच नाही तेही गेल्यासारखं बोचतं.

खानदेशात याचं इतकं ढळढळीत उदाहरण घडून गेलंय की परदेशी प्रयोगाची गरज नाही. २०२२ च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला १० हजारांचा आकडा ओलांडला आणि पुढे आणखी वर गेला. पांढरं सोनं म्हणतात ते एकदाचं सोन्यासारखं विकलं गेलं. पुढच्या हंगामात खुंटी तिथेच ठोकलेली राहिली. भाव सात-आठ हजारांवर रेंगाळला तेव्हा धुळे-जळगावकडच्या कितीतरी घरांत कापूस विकलाच गेला नाही. ओसरी भरली, मधली खोली भरली, माणसं अंगणात झोपू लागली. उन्हाळा आला तसा कापूस वाळून वजनात घटला, त्यातले किडे अंगाला लागून लहान पोरांना खाज सुटली. तरी ‘दहा झाल्याशिवाय नाही’ हे सोडवेना. शेवटी पेरणी तोंडावर आली, बी-बियाण्याला पैसे लागले, आणि मिळेल त्या भावाला माल निघाला.

यात शेतकऱ्याला हावरट म्हणणारे भेटतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की त्या तेजीच्या आधी तोच सात-आठ हजारांचा भाव मिळाला असता तर गावात पेढे वाटले गेले असते. खुंटीच्या खाली विकणं म्हणजे तोटा स्वतःच्या हाताने वहीत लिहिणं, आणि ते लांबवण्यासाठी माणूस जास्तीचा धोका पत्करतो, हेही त्याच १९७९ च्या सिद्धांतात आहे. शेअर बाजारात पडलेले शेअर धरून बसणारी सुशिक्षित मंडळी काही वेगळं करत नाहीत. फक्त त्यांच्या शेअरला किडे पडत नाहीत.

थोडक्यात हुकलं की जास्त दुखतं

कानमन-ट्वर्स्कींनी लोकांना आणखी एक प्रश्न विचारला होता. दोन माणसं एकाच गाडीतून विमानतळावर निघाली, वाहतुकीत अडकली, आणि आपापल्या विमानाच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने पोचली. एकाला सांगितलं, तुमचं विमान वेळेवर गेलं. दुसऱ्याला सांगितलं, तुमच्या विमानाला उशीर झाला होता, ते आत्ता पाच मिनिटांपूर्वी उडालं. जास्त चरफड कोणाची होईल? ९६ टक्के लोक म्हणाले, दुसऱ्याची.

दोघांचंही विमान चुकलंय, दोघेही तितकेच उशिरा आलेत. पण दुसऱ्याच्या डोक्यात ‘तो एक सिग्नल लागला नसता तर’ ही गोष्ट सहज रचली जाते. भुसावळ स्टेशनावर वेटिंग लिस्ट एक नंबरवर अडकलेल्या माणसाचा चेहरा पाहा आणि वेटिंग दोनशे असलेल्याचा पाहा. दोनशेवाला केव्हाच जनरल डब्याच्या रांगेत जाऊन उभा असतो. एकवाला चार्ट लागल्यावरही मोबाइल पुन्हा पुन्हा उघडत राहतो.

१९९५ साली मेडवेक, मॅडी आणि गिलोविच या तिघांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांच्या चित्रफिती लोकांना दाखवून चेहऱ्यांवरच्या आनंदाला गुण द्यायला लावले. कांस्यपदकवाले रौप्यवाल्यांपेक्षा आनंदी दिसले. रौप्यवाला वर बघतो, सोनं हुकलं म्हणतो. कांस्यवाला खाली बघतो, चौथा आलो असतो तर हात हलवत जावं लागलं असतं म्हणतो. आपल्या पी. टी. उषा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथ्या आल्या. त्या शर्यतीत त्यांच्या मागे राहिलेल्या धावपटूंची नावं आपल्याला आठवत नाहीत, पण हा शंभरावा भाग देश चाळीस वर्षं विसरलेला नाही.

आता आपल्या भरतीच्या पोराकडे येऊ. पहाटे पाचला कॉलेजच्या मैदानावर सोळाशे मीटर मारणारा, दिवसभर तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणारा. यादीची पीडीएफ येते तेव्हा ग्रुपवर एकदम शंभर जण ती उघडत असतात. फाइल उतरत नाही, गोल फिरत राहतं, मग उघडते, आणि तो स्वतःचं नाव शोधतो. नाव नाही. मग कटऑफ बघतो. एक मार्क.

पुढचे कित्येक आठवडे त्याच्या डोक्यात तोच एक प्रश्न फिरतो, जो त्याने आधी बरोबर लिहून मग खोडला होता. गोळा थोडा लांब पडला असता तर. त्या दिवशी बुटाची लेस सुटली नसती तर. वीस मार्कांनी राहिलेला त्याचा मित्र तोवर एखाद्या शोरूमला लागून गेलेला असतो. घरचे म्हणतात, ‘एकाच मार्काने तर गेलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!’ इथे घरच्यांचं गणित उलटं आहे. एकाच मार्काने गेलं म्हणूनच लावून घेतलंय.

या जर-तरचा उपयोगही असतो, हे खरं. ‘गोळ्याचा सराव कमी पडला’ हे त्यातून निघालं तर पुढच्या वेळी कामाला येतं. पण लेस, सिग्नल, खोडलेला पर्याय यांच्यातून पुढच्या वेळेसाठी काही निघत नाही. तिथे जर-तर नुसतं दळत राहतं, आणि असं दळत बसण्याने उदासी लांबते हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आपल्या आज्या ‘नशिबात नव्हतं’ म्हणून विषय संपवायच्या, त्याची ताकद इथे कळते. नशीब म्हटलं की ‘असं केलं असतं तर’ला जागाच उरत नाही. माझ्या मते लेस सुटण्यापुरतं नशीब जरूर मानावं. गोळ्याच्या सरावाला मात्र नशिबाच्या खात्यात टाकू नये.

‘कळवतो’

खानदेशात सध्या सगळ्यात जास्त हिरमोड पिकवणारा शब्द कोणता, तर हा.

पाहुणे येतात. पोहे होतात, चहा होतो, शेत कुठवर आहे ते बांधावरून दाखवलं जातं. विहिरीला पाणी किती, बोअर किती फूट, नोकरीचं काही बघितलंय का, असे प्रश्न होतात. मुलगा शेती करतो, वय तिशीच्या आसपास, हे दहावं-बारावं स्थळ असतं. सगळे हसून बोलतात, गाडीत बसतात आणि काच खाली करून म्हणतात, ‘कळवतो.’ आई त्या दिवसापासून मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवते, चार्जिंगलाही तिथेच लावते. आठवडा जातो. मध्यस्थाला विचारलं तर तो म्हणतो, ‘त्यांच्या घरात जरा लग्नाची गडबड चालू आहे, सांगतील.’ तीन आठवड्यांनी कोणाच्या तरी स्टेटसवर त्याच मुलीच्या साखरपुड्याचे फोटो दिसतात.

नकार मिळाला असता तर दुखलं असतं आणि संपलं असतं. इथे संपायला काही मिळत नाही. १९२७ साली ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये दाखवलं होतं की मध्येच तोडलेली कामं लोकांच्या लक्षात पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त राहतात. नंतरच्या प्रयोगांत हे दरवेळी तितकं ठळक आलं नाही, तेव्हा त्याला नियम म्हणता येणार नाही. पण अर्धवट राहिलेलं सतत डोकं वर काढतं, हा अनुभव नाकारणारा माणूस मला भेटायचाय. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक याच्या फार पुढे गेल्या. युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांसोबत काम करताना त्यांना दिसलं की माणूस गेला हे नक्की नसेल तर शोक सुरूच करता येत नाही. माणूस आहे म्हणावं तर समोर नाही, गेला म्हणावं तर निरोप नाही. बेपत्ता माणूस आणि न आलेला फोन यांची बरोबरी होऊच शकत नाही. पण ओट्यावर मोबाइल ठेवणाऱ्या आईची अडचण त्याच प्रकारची, फार धाकटी आहे: तिला दुसरं स्थळ मनापासून बघता येत नाही आणि पहिलं सोडताही येत नाही.

वगळलं जाण्याचं दुखणं

किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. बाजूला दोन अनोळखी माणसं तबकडी फेकून खेळत होती. ती यांच्याकडे घरंगळत आली, यांनी परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे फेकली. काही वेळ तिघे खेळले. मग अचानक, काही न बोलता, त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. इतकंच. अनोळखी माणसं, पुन्हा कधी न भेटणारी, तरी विल्यम्सना इतकं लागलं की त्यांनी त्यावरून संगणकावरचा एक खेळ तयार केला. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर यांनी हा खेळ लोकांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना खेळायला दिला. मध्येच चेंडू यायचा बंद झाला तेव्हा मेंदूतला जो भाग चेतला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासातही चेतणारा होता. पुढे इतरांनी दाखवलं की जवळून पाहिलं तर दोन्हींच्या नक्षा वेगळ्या असतात. तेव्हा ‘मन दुखणं आणि पाय मोडणं सारखंच’ असं काही म्हणता येत नाही. पण वगळल्यावर होणारा त्रास हे नुसतं नाटक असतं, असंही कोणी म्हणू नये.

आखाजीचं उदाहरण यासाठीच घेतलं. बाहेरच्यांसाठी अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त, पण आपल्याकडे ती सासुरवाशिणींची. गौराई बसते, झाडाला झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळी होते, आणि भाऊ मुऱ्हाळी म्हणून बहिणीला न्यायला जातो. आता मोटारसायकली आल्या, मोबाइल आले, बहीण स्वतः एसटीने येऊ शकते. तरी ‘कोणीतरी न्यायला आलं’ याला तोड नाही. भावाच्या कामाच्या रगाड्यात एखाद्या वर्षी ते राहून जातं. ‘ताई, तूच ये ना या वेळी’ असा फोन येतो. ती येतेही, झोक्यावरही बसते. भावाला कळत नाही की ही गप्प का आहे. तिला बसचं भाडं जड झालेलं नाही. शेजारच्या घरातल्या सुनेला न्यायला तिचा भाऊ आला होता आणि ही खिडकीतून बघत होती.

‘जाऊ दे ना भो’

कोणी वारलं की आपल्याकडे काय करायचं ते पक्कं ठरलेलं आहे. माणसं दारावर बसायला येतात. चहा शेजारून येतो. दहावा होतो, गंधमुक्ती होते. घरच्यांनी काही दिवस काम न करणं सगळ्यांना मान्य असतं. काय बोलावं हे न सुचलेला माणूसही नुसता येऊन बसून गेला तरी चालतं.

एका मार्काने राहिलेल्या पोराच्या घरी असं कोणी येत नाही. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज शोक म्हणून जागाच देत नाही. मोडलेलं प्रेम, जे घरात कोणाला माहीतच नव्हतं. दोन महिन्यांतच पडलेला गर्भ. वारलेला बैल. हे दुःख लहान असतं असं नाही. ते दाखवायची सोय नसते. आणि ज्याची सोय नाही त्याला आपण विनोदाने किंवा घाईने झाकतो: ‘जाऊ दे ना भो, असं होतंच.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की इथे याबद्दल बोलायचं नाही.

मग करायचं काय? यावर फार मोठी युक्ती कोणाकडेच नाही. जे थोडंफार टिकलेलं आहे ते सांगतो. १९८६ साली जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल मनात येईल ते लिहायला सांगितलं. झालेली गोष्ट आणि तिच्याबद्दल काय वाटतं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत कमी वेळा दवाखान्यात गेले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम छोटाच निघाला, पण वही-पेनाचा खर्चही छोटाच आहे. लिहिताना आधी वाईट वाटतं, हे धरून चालावं. लिहून झाल्यावर कागद फाडला तरी काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे, हे दुखणं किती दिवस राहील याचा आपला अंदाज बहुतेक वेळा फुगलेला असतो. डॅनियल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना विचारलं, कायम नोकरी नाकारली गेली तर पुढची काही वर्षं कशी जातील? सगळ्यांनी अंधार सांगितला. प्रत्यक्षात ज्यांना नाकारलं गेलं होतं ते तितके दुःखी नव्हते. मन आतल्या आत जोडकाम करत असतं, आणि अंदाज बांधताना आपण ते काम मोजत नाही. आजच निकाल पाहिलेल्या पोराला हे सांगू मात्र नका. खरं असलं तरी त्या दिवशी ते ‘जाऊ दे ना भो’सारखंच ऐकू येतं.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर छातीत दुखलं, दम लागला, तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी बसू नये. टाकोत्सुबो नावाचा हृदयाचा आजार जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास नोंदवला. त्यात धक्क्याने हृदयाचा एक भाग तात्पुरता नीट आकुंचन पावत नाही. हा जास्त करून पाळी गेलेल्या बायकांमध्ये दिसतो, बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण हा तो आहे की खरा हार्ट अटॅक, हे दवाखान्यातच कळतं. दुसरं, उदासी किंवा कशातच मन न लागणं दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज, दिवसभर राहिलं, किंवा मरणाचे विचार यायला लागले, तर तो हिरमोड राहिलेला नाही. सरकारची टेलीमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे; १४४१६ वर रात्री-बेरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी फोन करावा आणि माणसाला एकटं सोडू नये.

आतापर्यंत सगळं हिरमोड झालेल्याबद्दल बोललो. करणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण वर सांगितलेल्या यंत्रणेतला बराच भाग त्यांच्या हातात असतो. गाडी येणार नाही हे व्यापाऱ्याला आदल्या रात्री दहालाच माहीत असतं. तेव्हा फोन केला तर शेतकऱ्याच्या मेंदूत सातची वेळ लागतच नाही, नळ्या गुंडाळायची मेहनत वाचते, आणि व्यापाऱ्याचा शब्दही टिकतो. भावाला आखाजीला जमणार नसेल तर चार दिवस आधी सांगून ‘पण श्रावणात कानबाईला मी स्वतः न्यायला येतो’ म्हणता येतं, आणि मग खरंच जावं लागतं. स्थळाचं तर सगळ्यात सोपं. आठवड्याच्या आत मध्यस्थाला टाळून स्वतः फोन करायचा आणि म्हणायचं, ‘पाहुणचार छान झाला, पण आमचं जमत नाही.’ कारण विचारलं तर खरं कारण द्यायची सक्ती नाही. पलीकडची आई दोन मिनिटं गप्प होईल, ‘बरं’ म्हणेल, आणि ओट्यावरचा मोबाइल उचलून पुढच्या स्थळाला लावेल.